पहिल्याच सामन्यात शिखर

प्रश्न : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभकाळात एका पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) पदार्पणातच नो-हिटर सामना, म्हणजे ज्यात प्रतिस्पर्ध्यांना फटका मारून एकदाही बेस गाठता (हिट मारता) येत नाही असा सामना, टाकला आणि वर्षभरात तो मोठ्या लीगमधून बाहेर पडला, असे वाचनात आले. तो कोण, आणि त्याची कारकीर्द इतकी अल्पायुषी का ठरली?

उत्तर : हा खेळाडू म्हणजे ओहायो राज्यातील सीडरव्हिलचा चार्ल्स लिअँडर ऊर्फ 'बम्पस' जोन्स. 15 ऑक्टोबर 1892 रोजी, नॅशनल लीगच्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी, सिनसिनाटीने त्याला पिट्सबर्गविरुद्ध प्रथमच संधी दिली. त्याने चौघांना वॉक (चार चेंडू योग्य टप्प्याबाहेर गेल्याने बॅटरला फटक्याविना मिळणारा पहिला बेस) दिला, प्रतिस्पर्ध्यांना एक धावही मिळाली, पण त्यांच्या एकाही बॅटरला हिट मारता आला नाही आणि सिनसिनाटीने सामना 7-1 असा जिंकला.

पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच खेळाचा नियम बदलला. फटकेबाजी वाढावी या हेतूने लीगने पिचरने उभे राहायची चौकट रद्द करून त्या जागी होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभा राहतो त्या जागेपासून) 60 फूट 6 इंचांवर एक पट्टी बसवली. जुने अंतर 50 फूट होते असे सर्रास लिहिले जाते, परंतु ते चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंतचे माप होय. पिचरला मागचा पाय साडेपाच फूट मागच्या रेषेवर ठेवावा लागत असल्याने प्रत्यक्षात वाढ झाली ती पाच फुटांची. पाच फूट म्हणजे फार नाही असे वाटेल, पण चेंडू नेमका कोठे वळवायचा याचा हाताला बसलेला सगळा अंदाज तेवढ्याने चुकतो आणि बॅटरला तो पाहायला क्षणभर अधिक मिळतो. 1893 मध्ये जोन्स सिनसिनाटी व न्यूयॉर्क या दोन्ही संघांकडून खेळला, पण त्याला सूर गवसला नाही. मोठ्या लीगमधील त्याची एकूण नोंद आठ सामने, दोन विजय आणि चार पराभव इतकीच आहे.

तरीही सारा दोष नियमावर टाकणे मला पटत नाही, कारण त्याच हंगामात त्याच अंतरावरून सी यंग या पिचरने 34 आणि एमस रूसी या पिचरने 33 सामने जिंकले. पहिल्या सामन्यातील ते चार वॉक पाहता जोन्सचे नियंत्रण मुळातच पक्के नसावे, आणि वाढलेल्या अंतराने ती उणीव उघडी पाडली असावी.

सामन्याची सुरुवात करण्याच्या पहिल्याच संधीत नो-हिटर टाकणारे टेड ब्राइटनस्टाइन (1891) व बोबो हॉलोमन (1953) यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. मात्र ते दोघे त्याआधी सामन्याच्या मध्येच दुसऱ्या पिचरच्या जागी मैदानात उतरले होते. मोठ्या लीगमध्ये पहिलेच पाऊल टाकताना नो-हिटर साधणारा जोन्स आजही एकटाच आहे.