क्लायंट बसला, पण त्याची नोंद झाली का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर (ऑफिसची सगळी मशीन एका ठिकाणाहून सांभाळणारी प्रणाली) आहे. फिरतीवरच्या लोकांचे साठेक लॅपटॉप डोमेनमध्ये (ऑफिसच्या मध्यवर्ती नियंत्रणाखाली) घेतलेले नाहीत, ते वर्कग्रुपमध्येच आहेत. ते ऑफिसच्या नेटवर्कवर आले तेव्हा मी त्यांच्यावर क्लायंट (मशीनवर बसणारा कॉन्फिगरेशन मॅनेजरचा प्रोग्राम) टाकायला सीसीएमसेटअप चालवला आणि पुढे फक्त 'स्लॅश एमपी' लिहून मॅनेजमेंट पॉइंटचं, म्हणजे क्लायंट ज्याच्याशी बोलतो त्या सर्व्हरचं, नाव दिलं. कंट्रोल पॅनेलमध्ये कॉन्फिगरेशन मॅनेजरचं चिन्ह दिसतं, पण कन्सोलमध्ये एकाही लॅपटॉपवर क्लायंट असल्याचं दिसत नाही. काढून पुन्हा टाकलं तरी तेच. डोमेनमधल्या मशीनवर मात्र पुढे काहीच न लिहिता सगळं व्यवस्थित चालतं. असं का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. डोमेनमधल्या मशीनवर तुम्ही काहीच लिहीत नाही, पण याचा अर्थ सीसीएमसेटअपला काही लागत नाही असा नव्हे. त्याला हवं ते सगळं तो ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, उचलतो. तुमच्याकडे कधीतरी कोणीतरी स्कीमा (त्या नोंदवहीचा आराखडा) वाढवून साइटची, म्हणजे तुमच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या मांडणीची, माहिती तिथे प्रकाशित करून ठेवलेली असणार. त्यामुळे क्लायंट पुशच्या इन्स्टॉलेशन प्रॉपर्टीज या टॅबवर भरलेल्या किमती त्या मशीनना आपोआप मिळतात. वर्कग्रुपमधल्या लॅपटॉपला ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं दार बंद आहे. त्याला जे कळायला हवं ते सगळं तुम्हालाच कमांडमध्ये लिहून द्यावं लागतं, आणि तुम्ही दिलीत एकच गोष्ट. तीही वेगळ्याच कामाची.

'स्लॅश एमपी' या पॅरामीटरबद्दलचा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक टीममध्ये भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्याचं काम इतकंच की इन्स्टॉलेशनच्या फायली कुठून आणायच्या हे विचारायला एक मॅनेजमेंट पॉइंट दाखवणं. तो पॉइंट जवळचा डिस्ट्रिब्यूशन पॉइंट (फायली ठेवलेला सर्व्हर) सुचवतो, सीसीएमसेटअप तिथून फायली उतरवतो, आणि तिथे या पॅरामीटरची नोकरी संपते. क्लायंट बसल्यावर त्याने रोज कोणाशी बोलायचं, कोणत्या साइटचा व्हायचं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी दोन वेगळ्या प्रॉपर्टीज आहेत. एसएमएसएमपी म्हणजे बसल्यानंतर ज्याच्याशी पहिल्यांदा बोलायचं तो मॅनेजमेंट पॉइंट, आणि एसएमएससाइटकोड म्हणजे तुमच्या साइटचा तीन अक्षरी कोड. साइटकोडच्या जागी 'ऑटो' लिहिता येतं, पण तुमच्या लॅपटॉपसाठी थेट कोडच लिहा. इंटरनेटवरच्या मॅनेजमेंट पॉइंटसाठी सीसीएमहोस्टनेम ही प्रॉपर्टी वापरणार असाल, तर 'ऑटो' वापरायचंच नसतं.

लिहिण्याची पद्धतही नीट सांभाळा. आधी स्लॅशने सुरू होणारे पॅरामीटर, ज्यांच्या नावापुढे कोलन देऊन किंमत येते. मग मोठ्या अक्षरांतल्या प्रॉपर्टीज, ज्यांच्यापुढे बरोबरचं चिन्ह येतं. त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही.

आता तुमचा लॅपटॉप समोर घ्या आणि कंट्रोल पॅनेलमधलं ते चिन्ह उघडा. ॲक्शन्स टॅबवर जेमतेम दोन ओळी दिसत असतील : एक मशीन पॉलिसीची, एक युजर पॉलिसीची. जोडल्या गेलेल्या क्लायंटवर ही यादी बरीच लांब असते. दोनच ओळी म्हणजे क्लायंट बसलाय, पण त्याला वरून अजून एकही पॉलिसी, म्हणजे काय करायचं याची सूचना, मिळालेली नाही. साइट टॅबवरचा कोडही रिकामा असेल. कोणी मला 'क्लायंट बसला' असं सांगितलं की मी आधी ही यादी उघडायला लावते. कंट्रोल पॅनेलमधल्या नुसत्या चिन्हावर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

यापुढे लॉग. बऱ्याच जणांना वाटतं की कमांड दिली, काळ्या खिडकीत कर्सर लगेच परत आला, म्हणजे काम झालं. प्रत्यक्षात सीसीएमसेटअप स्वतःची प्रत विंडोज फोल्डरमधल्या सीसीएमसेटअप या फोल्डरमध्ये टाकतो आणि तिथून सर्व्हिस म्हणून मागे चालत राहतो. त्याच फोल्डरच्या आत लॉग्ज नावाचं फोल्डर आहे. तिथली सीसीएमसेटअप डॉट लॉग ही फाइल उघडा आणि शेवटच्या ओळींत रिटर्न कोड किती आहे ते पाहा. 0 म्हणजे पार पडलं, 7 म्हणजे रीस्टार्ट हवा, 8 म्हणजे सेटअप आधीपासूनच चालू आहे, 9 म्हणजे पूर्वअटींची तपासणी अडली, 6 म्हणजे चूक झाली. 6 दिसला तर तेवढ्यावर थांबू नका, लॉगमध्ये वर सरकत जा, खरं कारण आधीच्या ओळींमध्ये असतं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र 0 असणार अशी माझी खात्री आहे, कारण इन्स्टॉलेशनला काही झालेलंच नाही.

म्हणून खरं वाचन पुढच्या लॉगमध्ये. विंडोजच्या फोल्डरमधल्या सीसीएम फोल्डरात लॉग्ज आहेत, त्यात क्लायंटलोकेशन, लोकेशनसर्व्हिसेस आणि क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअप या तीन फायली याच क्रमाने वाचा. पहिलीत साइट मिळाली का ते कळतं, दुसरीत मॅनेजमेंट पॉइंट सापडला का, आणि तिसरीत क्लायंटची नोंदणी झाली का. नोंदणी झाली असेल तर सर्व्हरने दिलेला ओळख क्रमांक तिसऱ्या फाइलीत दिसतो. वाचायला नोटपॅड नको, सीएमट्रेस घ्या. तो 1806 आवृत्तीपासून क्लायंटबरोबरच सीसीएम फोल्डरमध्ये येतो, चुका लाल आणि इशारे पिवळे करून दाखवतो.

एसएमएसएमपी आणि एसएमएससाइटकोड या दोन्ही प्रॉपर्टीज देऊन नोंदणी झाली तरी वर्कग्रुपच्या मशीनचा आणखी एक अडसर राहतो, तो म्हणजे मंजुरी. साइटची मूळ सेटिंग अशी असते की विश्वासातल्या डोमेनमधली मशीन आपोआप मंजूर होतात, बाकीची नाहीत. तुमचे लॅपटॉप कन्सोलमध्ये येतील, पण मंजुरीच्या रकान्यात अडकतील. त्यांना निवडून हाताने मंजूर करा. साठ मशीनसाठी हे कंटाळवाणं आहे हे मान्य, तरीही 'सर्वांना आपोआप मंजूर करा' हा पर्याय निवडू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. मंजूर झालेल्या क्लायंटला संवेदनशील पॉलिसीही मिळू शकतात, आणि ते दार कोणासाठीही उघडं ठेवायचं नसतं. क्लायंटना तुमच्या पीकेआयची (संस्थेच्या डिजिटल प्रमाणपत्र व्यवस्थेची) प्रमाणपत्रं देता आली तर मंजुरीचा प्रश्नच मिटतो. मग कमांडमध्ये 'स्लॅश यूजपीकेआयसर्ट' जोडायचं.

सुरक्षेचाच आणखी एक मुद्दा आहे, आणि तो फार जण सोडून देतात. आपण ज्याच्याशी बोलतोय तो मॅनेजमेंट पॉइंट खरा आहे हे क्लायंट ट्रस्टेड रूट कीवरून ओळखतो. डोमेनमधल्या मशीनला ही की ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून मिळते. तुमच्या लॅपटॉपला ती मिळत नाही, म्हणून पहिल्यांदा जो मॅनेजमेंट पॉइंट भेटेल त्याचीच की तो खरी मानून ठेवतो. परक्या नेटवर्कवर फिरणाऱ्या मशीनच्या बाबतीत मला हे पटत नाही. साइट सर्व्हरवर मोबाइलक्लायंट डॉट टीसीएफ नावाची फाइल असते, तीत ही की एका ओळीत लिहिलेली असते. ती ओळ उचलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि एसएमएसरूटकीपाथ या प्रॉपर्टीत त्या फाइलचा पत्ता द्या. आधी दुसऱ्या साइटच्या ताब्यात असलेला एखादा लॅपटॉप त्या साठात असेल, तर त्याच्यासाठी रीसेटकीइन्फर्मेशन 'ट्रू' करा. नाहीतर तो जुन्या कीला चिकटून राहील आणि तुम्ही लॉगमध्ये डोकं आपटत बसाल.

एक छोटी गोष्ट. फायली शेअर्ड फोल्डरमधून 'स्लॅश सोर्स' देऊन आणणार असाल, तर लक्षात घ्या की सर्व्हिस लोकल सिस्टिम खात्याखाली चालते आणि त्या खात्याला त्या शेअरवर बहुधा परवानगी नसते. 'स्लॅश नोसर्व्हिस' दिलं की सेटअप तुमच्या स्वतःच्या खात्याखाली चालतो.

प्रश्न : आम्ही क्लायंटची कॅशे (उतरवलेल्या फायली ठेवायची जागा) वाढवायला एसएमएसकॅशेसाइज ही प्रॉपर्टी कमांडमध्ये घातली, पण जुन्या मशीनवर आकडा 5120 वरून हलत नाही. शिवाय रात्री काही बिघडलं तर सकाळी लॉगमध्ये काहीच उरलेलं नसतं. दोन्हीवर उपाय आहे का?

उत्तर : 5120 हा मेगाबाइटमधला मूळ आकडा. ती प्रॉपर्टी नव्याने बसणाऱ्या क्लायंटसाठी आहे, आधीच्या क्लायंटचं अपग्रेड होताना तिच्याकडे दुर्लक्ष होतं. कॅशेसाठी आता कमांडचा नाद सोडा. कन्सोलमधल्या क्लायंट सेटिंग्जमध्ये कॅशेचा आकार मेगाबाइटमध्ये किंवा डिस्कच्या टक्केवारीत ठरवता येतो, आणि तो सगळ्या मशीनवर लागू होतो. लहान डिस्कच्या आणि मोठ्या डिस्कच्या मशीनसाठी वेगळी सेटिंग करून वेगवेगळ्या कलेक्शनला (मशीनच्या गटाला) द्या.

लॉगचं मात्र कमांडमध्येच करा. मूळ मर्यादा 250000 बाइटची आणि जुनी प्रत एकच. एखादं मोठं डिप्लॉयमेंट रात्रभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिलं की एवढी जागा सहज भरते आणि पहिली चूक, जी आपल्याला हवी असते, तीच पुसली जाते. सीसीएमलॉगमॅक्ससाइज दहापट करा, सीसीएमलॉगमॅक्सहिस्टरी तीन-चारवर न्या. आजच्या डिस्कवर याचा भार काहीच नाही. सीसीएमलॉगलेव्हल मात्र 1 वरच ठेवा. 0 केलं की इतकं काही लिहिलं जातं की वाढवलेली जागाही पुन्हा भरते. 0 फक्त एखाद्या आजारी मशीनवर, तेही तपासापुरतं.

प्रश्न : मास्टर इमेजमध्येच (जिच्यावरून नवी मशीन बनवतात त्या तयार प्रतीतच) क्लायंट टाकून ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण साइटकोड न देता टाका. इमेज घेण्याआधी एसएमएस एजंट होस्ट ही सर्व्हिस थांबवा, विंडोज फोल्डरमधली एसएमएससीएफजी डॉट आयएनआय ही फाइल काढा, आणि कॉम्प्युटरच्या प्रमाणपत्रांमधलं एसएमएस हे स्टोअर रिकामं करा. यातलं काही राहिलं तर त्या इमेजवरून बनलेली सगळी मशीन एकच ओळख घेऊन येतात आणि कन्सोलमध्ये एकमेकांची नोंद खोडत बसतात. सर्व्हिस थांबवल्यावर मशीन पुन्हा चालू करू नका, कारण सर्व्हिस चालू होताच फाइल नव्याने तयार होते. थेट सिसप्रेपकडे (इमेजसाठी विंडोज तयार करणाऱ्या साधनाकडे) जा.