तेतच्या आधी पोरांना बोलू दे

औसा, २० डिसेंबर २०२५

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

काल येळवस, म्हणजे आपली रानातली वेळ अमावस्या, झाली. रानात कोपीजवळ भज्जीचं, म्हणजे मिसळीच्या भाजीचं, भगुणं उघडलं आणि तुझी फार आठवण आली. तू व्हिएतनामात इंग्रजी शिकवायला गेलीस, आणि ३१ डिसेंबरला हनोईत एकटीनं काय करू, असं विचारलंस. सोबतच्या शिक्षकांबरोबर जेव, आईला फोन कर. तिथं बारा वाजतात तेव्हा आपल्याकडं साडेदहाच झालेले असतात, तिला जागावं लागणार नाही. त्या रात्रीचं याहून जास्त मनावर घेऊ नकोस. तिथलं खरं वर्ष अजून यायचंय.

तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, येत्या १७ फेब्रुवारीला आहे. तेव्हा वर्ग बंद राहतील, बरीचशी दुकानंही. तुझा पगार तासावर असेल तर सुट्टीतल्या दिवसांचं काय, हे करारात आजच वाच आणि विचार. आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, तेव्हा धान्यापासून कपड्यापर्यंत सगळं आधी बोलून घेतात ना, तसं. मी तिथं शिकवायला होते तेव्हा संकोचानं विचारलं नव्हतं आणि पहिल्या वर्षी तो महिना फार ओढाताणीत काढला.

आता मला खरं सांगायचंय ते वर्गाबद्दल. जानेवारीत नव्या वर्षाच्या संकल्पांचा धडा घ्यावासा वाटेल. घे, पण लवकर उरक. पोरं दोन वाक्यं पाठ म्हणतील आणि गप्प बसतील. त्यांना तेत विचार. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, तीन महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं. तुमच्या घरी बान चुंग, म्हणजे तेतचा भाताचा चौकोनी पदार्थ, कसं करतात, असं विचारल्यावर तो उठून फळ्याशी आला. चौकोन काढला. पान, चिकट तांदूळ, मुगाची डाळ, डुकराचं मांस, मग बांधायचं आणि रात्रभर उकळायचं. ‘माय ग्रँडमदर नो स्लीप. आय नो स्लीप,’ म्हणाला आणि हसला. मी त्या दिवशी त्याचं एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. तूही करू नकोस. व्याकरण पुढच्या आठवड्यात घे, त्याच वाक्यांवरून. बान चुंगला इंग्रजी शब्दही शोधू नकोस. आपण गुढीला कुठं शोधतो?

मी शाळेत असताना इंग्रजीचे निबंध पाठ केले, मार्क मिळवले. पण येळवशीला काय करता, हे इंग्रजीत मला कुणी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी जीभ दहा वर्षं आधी सुटली असती, हे मी अगदी मनापासून सांगते. म्हणून त्यांचं ऐकून झालं की तूही सांग: कडब्याची कोपी, पिकावर शिंपडलेलं आंबील, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवणं. पोरं प्रश्न विचारतील. तेच तुझं काम.

कुणी घरी बोलावलं तर जा, पण पहिल्या दिवशी सकाळी आपणहून कुणाच्या दारात उभी राहू नकोस. वर्षाचा पहिला पाहुणा घराला लाभतो, म्हणून तो घरचे ठरवून बोलावतात. मी पेढ्यांचा डबा घेऊन घरमालकिणीकडं गेले होते. तिनं हात धरून मला अंगणातच थांबवलं, शेजारचे आजोबा येऊन गेल्यावर आत घेतलं आणि पोटभर खाऊ घातलं. पांढरे-काळे कपडे टाळ, ते दुखवट्याचे. लहान मुलांसाठी लाल पाकिटं आणि कोऱ्या नोटा आधीच आणून ठेव. रक्कम थोडी असली तरी चालते. तू मांस खात नाहीस, तर ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेव, त्यांच्याकडं तो शाकाहारासाठी आहे. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी तिथं कितीतरी जण स्वतःच मांस खात नाहीत, त्यामुळं कुणाला वाईट वाटणार नाही.

आपला पाडवा १९ मार्चला, म्हणजे तेतनंतर बरोबर पुढच्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी. गॅलरीत गुढी उभार आणि ज्यांनी तुला तेतला जेवू घातलं त्यांना बोलाव. लिंबाचा पाला मला हनोईत मिळाला नव्हता. काठी, साडी, तांब्या जमतो. साखरेच्या गाठीचं पार्सल मी फेब्रुवारीत टाकते. खोलीचा पत्ता नीट लिहून कळव.

तुझ्या बाई