आर्मा ३ गेम नवीन घेतलायस ना? आधी पळणं बंद कर

भावा, गोळी कुठून आली तेच कळत नाही म्हणतोस, सुरुवातीला सगळ्यांचं तसंच होतं. दुसऱ्या शूटर गेमची सवय घेऊन आलायस, तिथे पळत पळत मारता येतं, इथे पळून दमलास की धाप लागते आणि बंदूक अशी डुलते की अगदी समोरचा पण सुटतो. थांब, आडवा हो, दोन-चार सेकंद जाऊ दे, माऊसचं उजवं बटण दाबून श्वास रोख, मग एकच गोळी. आणि झीरोइंग, म्हणजे बंदुकीचा नेम किती मीटरसाठी लावलाय ते, बघत जा रे, पेज अप-पेज डाऊनने बदलतं. ३०० वर ठेवून ६०० मीटरवरच्याला मारायला गेलास तर गोळी त्याच्या अलीकडे मातीत जाणार, मी आठवडाभर उगाच माऊसला शिव्या घालत होतो.

ऑल्ट दाबून नुसती मान फिरवता येते, ती सवय आत्ताच लाव. टेकडीच्या माथ्यावर उभा राहू नकोस, मागे आकाश असलं की लांबूनही दिसतोस, थोडं खाली उतारावर पड.

गेममधलं अल्टिस बेट जवळपास २७० चौरस किलोमीटरचं आहे, त्यामुळे कधीकधी दहा मिनिटं नुसतं चालणं होणारच, बोअर होईल, होऊ दे. मल्टिप्लेअरला माईक हवाच, पण 'तिकडे आहे, तिकडे आहे' ओरडू नको, कंपासवरचे अंश बघून 'बेअरिंग ०४०, झाडाखाली दोघं, २०० मीटर' एवढंच बोल.