आमच्या विदर्भातल्या खेड्यात हमिंगबर्ड दिसतो का?

नाही. जास्वंदीत चोच खुपसणारा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा तुमचा पाहुणा म्हणजे शिंजीर, सूर्यपक्षी. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर सापडतात. साडेतीनशेच्या आसपास जाती, त्यातल्या दीडशेहून अधिक एकट्या कोलंबियात. सगळ्यांत लहान क्युबाचा, वजन जेमतेम २ ग्रॅम.

फरक ओळखायला सोपा आहे. हमिंगबर्डचा पंख खांद्यातून असा फिरतो की खाली मारताना आणि वर नेतानाही उचल मिळते. त्यामुळे तो हवेत एका जागी थांबतो, मागेही उडतो. शिंजीर क्वचित घटकाभर तरंगतो, पण बहुतेकदा फांदीला धरून, प्रसंगी उलटा लटकून रस पितो. नात्यानं म्हणाल तर हमिंगबर्ड पाकोळी पक्ष्याच्या जवळचा.

संध्याकाळी फुलापुढं भिरभिरणारं काही दिसलं, तर तो पतंग असू शकतो. मीही एकदा फसलो, घरभर ओरडत सुटलो होतो!

जगभर फिरायला पैसे असतील तर हमिंगबर्ड बघायला दक्षिण अमेरिकेतलं इक्वेडोर गाठा. नसतील तर फाल्गुनात धुऱ्यावरच्या फुललेल्या पळसाखाली सकाळी सातला बसा. नर शिंजीर एकमेकांना हाकलत असतात आणि चोचीपासून कपाळापर्यंत पिवळे परागकण माखलेले असतात.