तुमचा मेटालिका कोणत्या सालचा?

प्रश्न : मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, धानाची शेती आहे. नागपूरला शिकायला होतो तेव्हा रूमपार्टनरच्या टेपवर मेटालिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम ऐकला आणि पार वेडा झालो. १९९६ला ‘लोड’ आला. चौघांनी केस कापले, गाणी ढिली पडली. तेव्हा जो राग बसला तो अजून उतरला नाही. परवा भाच्याने त्यांचा २०२३चा ‘७२ सीझन्स’ मोबाईलवर लावला, मी दोन गाण्यांत बंद करायला लावला. घरची म्हणते, “ते बुढे झाले, तुम्ही काय तरणे राहिले का?” भाऊ, माझा राग खोटा आहे का?

उत्तर : राग खोटा नाही भाऊ. पण वहिनींचा प्रश्न अर्धाच आहे. मी वेगळं विचारतो : तुम्ही ज्याला जुना, खरा मेटालिका म्हणता, तो १९९१चाच का? हा बँड १९८१ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. पहिला अल्बम १९८३चा, सुसाट. १९८४च्या दुसऱ्या अल्बमवर एक गाणं साध्या, बिनविजेच्या गिटारीने सुरू झालं, तर तेवढ्यावरून ‘विकले गेले’ म्हणून ओरड झाली. आणि तुमचा लाडका काळा अल्बम? १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’वर जीव टाकणाऱ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. बॉब रॉक नावाचा नवा निर्माता, आटोपशीर गाणी, कमी वेग. नुसत्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या, हा तर त्यांच्या मते पुरावाच होता.

वेग त्यांनी कमी का केला, तेही ऐका. १९८८च्या अल्बमचं शीर्षकगीत पावणेदहा मिनिटांचं. गिटारवादक कर्क हॅमेटने नंतर सांगितलं आहे की ते वाजवताना समोरच्या लोकांचे चेहरे लांब झालेले दिसायचे. मला हे लगेच पटलं. मी वडशाच्या एका नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. धान कापून झालं, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की आमचा हंगाम. रात्रभराच्या नाटकात लोक कुठे कंटाळले हे मास्तरांच्या आधी वाजवणाऱ्याला कळते. आणि दुसरी बाजूही आहे. दरवर्षी मागून कोणीतरी ओरडतेच, “बावा, मागल्या सालचं लावा!” लावतो. बोटं आपोआप चालतात, डोकं मंडईतल्या चिवड्यात असते. टाळ्या मात्र त्यालाच जास्त पडतात, हे दुःख कोणाला सांगावं?

आता ‘लोड’बद्दल. केसांचं सोडून द्या, त्याने आवाज बदलत नाही. बदलला तो गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा उजवा हात. साधारण वादक इतक्या वेगात तार एकदा खाली, एकदा वर अशी छेडतो. हा माणूस खालीच, खालीच, खालीच मारतो, म्हणून प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा पडतो. आमच्या कंपनीतल्या गिटारवाल्या पोराने ‘मास्टर ऑफ पपेट्स’ तसं वाजवून पाहिलं आणि मनगट धरून बसला. ‘लोड’वर तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या आहेत आणि तो हात सैल, ब्लूजच्या चालीने डुलत वाजतो. तुम्हाला जे हरवल्यासारखं वाटलं ते हेच. तुमचा कान पक्का आहे. मला स्वतःला ‘लोड’ आवडतो, फक्त एकोणऐंशी मिनिटं जरा जास्तच होतात.

ज्याच्यावर खरंच रागवायचं तो २००३चा ‘सेंट अँगर’. स्नेअर ड्रमच्या खालच्या बाजूला बारीक तारा टेकलेल्या असतात, त्यांच्यामुळे ठोका कोरडा, भरीव येतो. बाजूचा खटका पाडला की तारा सुटतात आणि नुसती टण्ण उरते. ड्रमवादक लार्स उलरिचने त्या तारा सोडून अख्खा अल्बम वाजवला. गिटारचा एकही सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा नाही, आणि वर रिकाम्या पिंपावर सळई आपटल्यासारखी ती टणटण. पिऊन-भांडून तुटायला आलेल्या बँडची ती नोंद आहे, प्रामाणिक आहे, सगळं मान्य. माझ्याने एका बैठकीत ऐकवत नाही.

२००८ला ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये लांब गाणी आली, सोलो आले, तारा परत चढल्या. चाहत्यांनी मागितलं तेच दिलं. तर ध्वनिमुद्रण इतकं मोठ्या आवाजात दाबलेलं की फाटतं! लोकांनी गिटारच्या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती शोधून ऐकली, कारण ती जास्त स्वच्छ होती.

तरी तुमचं जुनं त्यांनी टाकून दिलेलं नाही. २०२३पासूनच्या दौऱ्यात बऱ्याच शहरांत दोन रात्री कार्यक्रम आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रातचं एकही गाणं नाही. जेम्स आणि लार्स दोघंही १९६३चे, म्हणजे साठीत. त्या कार्यक्रमांत नवीन थोडं, बाकी बहुतेक तुमच्या काळातलं आणि त्याआधीचं.

‘७२ सीझन्स’ एवढ्यात मोडीत काढू नका. भाच्याला शेवटचं गाणं लावायला सांगा. अकरा मिनिटांचं आहे, त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत सगळ्यात लांब, आणि संथ. मधे गिटारी मागे सरकतात आणि रॉबर्ट त्रुहियोचा बास, म्हणजे जाड आवाजाची गिटार, पुढे येतो. १९८८च्या अल्बमवर तेव्हाच्या नव्या बासवाल्याचा आवाज मिक्सिंगमध्ये इतका खाली दाबला होता की कान लावूनही सापडत नाही, तेव्हा इथे त्याची मजा घ्या. मात्र मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात बास येतच नाही. पोराचा हेडफोन मागून घ्या. नाहीच आवडलं तर खुशाल १९९१ लावा, आणि वहिनींना सांगा ऑर्गनवाल्याने परवानगी दिली आहे.