‘पात्रकोश’ नको, मग काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपले ग्रंथ संवादांच्या रूपात लिहिले; त्यांत त्याचा गुरू सॉक्रेटिस याच्याशी बोलणारी माणसं बहुतेक खरीखुरी होती, आणि त्यांची माहिती देणारे संदर्भग्रंथ आहेत. अशा ग्रंथाला इंग्रजीत ‘प्रॉसॉपोग्राफी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘पात्रकोश’ म्हटलं तर चालेल का?

मला विचाराल तर नाही. ‘पात्र’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर नाटक येतं, आणि पाठोपाठ ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी. इथे तर नेमकं उलट सांगायचं आहे.

‘रिपब्लिक’ या संवादाची सुरुवात घ्या. अथेन्सच्या पायरिअस बंदरातल्या एका घरात म्हातारा केफालस बसला आहे. म्हातारपण, पैसा, न्याय यांवर निवांत गप्पा चालल्या आहेत. हा केफालस सिराक्यूजचा, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या सांगण्यावरून अथेन्सला येऊन राहिलेला. त्याचा एक मुलगा पोलेमार्कस, दुसरा लिसिअस. पुढे इ.स.पू. 404 मध्ये अथेन्समध्ये तीस जणांची जुलमी सत्ता आली. तिने या घरावर धाड घातली आणि पोलेमार्कसला विष प्यायला लावून मारलं. जप्तीत काय काय गेलं ते लिसिअसने स्वतः कोर्टातल्या भाषणात सांगितलं आहे: 700 ढाली, 120 गुलाम, सोनंनाणं, आणि भावाच्या बायकोच्या कानातल्या सोन्याच्या कुड्यासुद्धा. प्लेटोच्या पहिल्या वाचकांना हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे त्या घरात बसून न्याय म्हणजे काय हे विचारणं त्यांना किती बोचलं असेल! आपल्याला ते कळायला कोश लागतो.

आता मूळ शब्द. ‘प्रोसोपोन’ म्हणजे ग्रीकमध्ये चेहरा. मग नटाचा मुखवटा, मग नाटकातली भूमिका, आणि शेवटी माणूस. ‘ग्राफी’ म्हणजे लेखन. मुखवटा आणि भूमिका हे अर्थ पाहून कुणालाही ‘पात्र’ सुचेल, त्यात प्रश्नकर्त्याची चूक नाही. (जाता जाता एक गंमत: भाषाशास्त्रज्ञ ‘प्रोसोपोन’चं नातं आपल्या ‘प्रतीक’ शब्दाशी जोडतात. ऋग्वेदात ‘प्रतीक’ म्हणजे चेहरा, दर्शनी रूप. सहाव्या मंडलात चिलखत चढवलेल्या योद्ध्याचं ‘प्रतीक’ मेघासारखं दिसतं असं म्हटलं आहे. ‘चिन्ह’ हा अर्थ नंतरचा.) पण व्युत्पत्तीवरून प्रतिशब्द पाडायला गेलं की ‘मुखवर्णन’ किंवा ‘व्यक्तिचित्रण’ असलं काहीतरी हाती लागतं, आणि ते या विद्येच्या जवळपासही फिरकत नाही.

‘चरित्रकोश’ हा शब्द मात्र दमदार आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन (1932), मध्ययुगीन (1937) आणि अर्वाचीन (1946) असे तीन चरित्रकोश देऊन तो मराठीत पक्का केला. तरी तो इथे थोडा सैल बसतो. चरित्रकोश थोरामोठ्यांचा असतो. प्रॉसॉपोग्राफीत थोर कोण हा प्रश्नच नसतो. शिलालेखात एकदाच नाव आलेला माणूसही तिथे नोंद मिळवतो. तिचा जीव असतो नातेसंबंधांत: कोण कुणाचा मुलगा, मामा, सावत्र बाप, शेजारी, कर्जदार.

आणि त्याआधी, हा तोच का दुसरा? अथेन्समध्ये नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत होती. आपल्याकडेही होती, तेव्हा घोटाळा कसा होतो ते सांगायला नको. प्लेटोचा भाऊ ग्लॉकन, त्याच्या आईचे वडीलही ग्लॉकन. ‘पार्मेनिडीस’मध्ये आणखी एक केफालस आहे, तो क्लाझोमेनीचा. ‘टिमेअस’मध्ये बोलणारा क्रिटिअस हा त्या तीस जणांचा म्होरक्या, की त्याचा आजोबा, यावर अजून वाद आहे. म्हणून कोशकार नावापुढे राजांसारखे आकडे घालतात. म्होरक्या तो क्रिटिअस चौथा.

अथेन्सकर स्वतः ही अडचण कशी सोडवत? नाव, बापाचं नाव, आणि गाव. सॉक्रेटिस, सोफ्रोनिस्कसचा, अलोपेकेचा. आपण सरळ ‘सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कस अलोपेकेकर’ म्हणावं! गंमत नाही, साम्य खरोखर जवळचं आहे: 139 ‘डेमॉस’पैकी, म्हणजे गावं-वस्त्यांपैकी, ज्यात पूर्वजाची नोंद झाली ते गाव वंशाला कायम चिकटे, मग राहायला कुठेही जा. पुण्यात तीन पिढ्या काढलेले सातारकर असतात तसंच.

या त्रिपदी नावामुळेच दगड बोलू लागतात. ‘लिसिस’ संवादातला कोवळा मुलगा लिसिस, डेमोक्रेटीसचा, ऐक्सोनेचा. त्याच्या थडग्याची शिळा सापडली आणि 1984 मध्ये अभ्यासकांसमोर आली. ‘सिंपोझियम’मधला फीड्रस जप्त मालमत्तेच्या लिलावाच्या शिलालेखांत भेटतो.

असे ग्रंथ बरेच जुने आहेत. खास प्लेटोच्या माणसांवरचा पहिला मोठा प्रयत्न ग्रून व्हान प्रिन्स्टरर या डच अभ्यासकाचा, लॅटिनमधला, 1823 चा. योहानेस किर्शनरने 1901 ते 1903 मध्ये सगळ्या अ‍ॅटिकाची, म्हणजे अथेन्स आणि भोवतालच्या मुलखाची, 15 हजारांहून अधिक माणसं क्रमांक लावून बसवली. आणि आज हाताशी ठेवावा असा एकच सांगायचा तर डेब्रा नेल्स यांचा 2002 चा. त्यात प्लेटोबरोबर झेनोफोन आणि सॉक्रेटिसच्या इतर अनुयायांच्या लेखनातली माणसं आहेत, वंशवृक्षही आहेत.

वंशवृक्षांची ती पानं पाहताना मला आपले कुलवृत्तांत आठवले. दत्तक कोण, दुसरी बायको कुणाच्या घरची, गाव कोणतं, आणि हे सगळं कशाच्या आधारे. म्हणून त्या चालीवर मी ‘व्यक्तिवृत्तांत’ सुचवीन. ग्रंथासाठी ‘व्यक्तिवृत्तांतकोश’ जरा लांबलचक होतो. ‘प्लेटोकालीन व्यक्तिवृत्तांत’ एवढं पुरे. समासात ‘व्यक्ति’ ऱ्हस्व लिहायचं, ‘व्यक्तिमत्त्व’सारखं.

‘पात्र’ अगदीच हद्दपार करू नका. ‘सिंपोझियम’मध्ये सॉक्रेटिसला प्रेम शिकवणारी मँटिनीआची डिओटिमा समकालीन लेखनात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. ‘गॉर्गिअस’मधल्या कॅलिक्लीसचंही तसंच, पण प्लेटो त्याचं गाव सांगतो, मित्रांची नावं सांगतो, आणि ते मित्र खरे आहेत. कॅलिक्लीसला मी तरी व्यक्ती म्हणेन. डिओटिमासाठी ‘पात्र’ हा शब्द राखून ठेवायला हरकत नाही.