आधी तेवीस

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. विधी सेवा समितीने जिची केस तुला दिलीय ती बाई म्हणते, घटस्फोट नको, नवऱ्याला आत टाकायचं नाही, मारहाण थांबावी आणि मुलांना घेऊन त्याच घरात राहता यावं. आणि तू मला लिहितेस, तिला नक्की काय हवंय तेच कळत नाही! अगं, याहून स्पष्ट कुठला पक्षकार बोलतो? गोंधळ तुझा झालाय, कारण बाररूममध्ये तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला फौजदारी कर, दुसरा म्हणाला नुसती पोटगी माग, तिसरा म्हणाला नोटीस लागू दे, त्यांचं म्हणणं येऊ दे, मग समजुतीने बसवू.

माझं एकच. आधी तेवीस.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुख्य अर्ज कलम 12 चा, पण त्याच दिवशी, त्याच फाइलला कलम 23 चा अंतरिम, म्हणजे निकालाआधीच तात्पुरता आदेश मागणारा अर्ज आणि नमुना तीनमधलं शपथपत्र लाव. नंतर बघू, पुढच्या तारखेला देऊ, हे नको. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करा असं लिहिलंय. आपल्याकडे ते साठ दिवस कसे लांबतात हे तू पाहतेसच. नोटीस बजावून येत नाही, म्हणणं द्यायला मुदत मागतात, त्यांचे वकील बाहेरगावी असतात. या तारखांच्या मध्ये ती बाई राहते कुठे? मार खात तिथेच, नाहीतर माहेरी भावजयीच्या तोंडाकडे बघत. न्यायाधीशांना प्रथमदर्शनी पटलं तर तेवीसखाली सामनेवाल्याची वाट न बघता, शपथपत्रावर एकतर्फी आदेश देता येतो. मग वाट का बघायची?

आता शपथपत्र. 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ व मारहाण करून शारीरिक व मानसिक छळ केला' हे वाक्य मला तुझ्या मसुद्यात दिसता कामा नये. प्रत्येक अर्जात तेच असतं, म्हणून कोणी वाचत नाही. कुठल्या दिवशी, कशाने मारलं, मुलं कुठे होती, शेजारचं कोण धावून आलं, दवाखान्याचा कागद आहे का, हे लिही. तिला तासभर बसवून ऐक. सरकारी पॅनेलवरची केस म्हणून घाई करू नकोस. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो, तो तिचा हक्क आहे, तुझे उपकार नव्हेत.

या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल आला नाही म्हणून थांबलेय, असंही लिहिलंयस. त्याच्याविना आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. घर सासऱ्याच्या नावावर असल्याची तर भीतीच घेतलीस. त्याच न्यायालयाचा 2006 चा निकाल तसा अडवणारा होता खरा, पण 2020 मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला. ती जिथे नांदली ते घर सासऱ्याचं असलं तरी राहण्याचा हक्क मागता येतो. नवऱ्याला बाहेर काढ असंही मागता येतं, सासूला मात्र नाही, बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही.

आणि नुसत्या पोटगीवर भागवू नकोस. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, हे कलम 31 मध्ये संरक्षण आदेशाबद्दल लिहिलंय. म्हणून कलम 18 ची, म्हणजे संरक्षण आदेशाची मागणी वेगळी, ठळक कर. आदेश मिळाला की मोफत नक्कल घे आणि ती पोलीस ठाण्यात पोचली का, स्वतः जाऊन बघ. न पोचलेल्या आदेशाच्या जोरावर घरी परतलेली बाई पुन्हा दवाखान्यात गेलेली मी पाहिली आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

माझ्यामागे बाररूममध्ये मला 'तेवीसवाली' म्हणतात, ठाऊक आहे मला. मी संसार मोडते म्हणे. हा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये लागू झाला. त्याआधी तुझ्या बाईसारखी बाई समोर बसली की आमच्याकडे काय होतं? 498-अ ची छळाची फौजदारी, 125 ची पोटगी, नाहीतर घटस्फोट. म्हणजे नवरा आत किंवा ती बाहेर. 'वकीलबाई, तसं नको हो,' म्हणून कित्येकजणी उठून गेल्या, त्यांचं पुढे काय झालं मला कळलं नाही. ती खंत अजून आहे, आणि तिच्यापायी मी हट्टी झाले असेन तर असू दे. समजूत घालायला माझी ना नाही; आदेश हातात घेऊन खुशाल बसा. समुपदेशनात नवऱ्याला 'ती उलट बोलली म्हणून मारलं' असं समर्थन करायची मुभाच नाही, या कायद्याच्या नियमांतला नियम 14 तसं सांगतो. पहिल्या बैठकीत ते वाचून दाखव, निम्मी मंडळी गप्प होतात.

उद्या ती अर्ज मागे घेईल, म्हणून तू खचली आहेस. घेईल कदाचित, घेऊ दे. तो तिचा निर्णय. पण तोवर कागद तयार हवा. संरक्षण आदेश मिळाला तर ती स्वतः रद्द करा म्हणेपर्यंत चालू राहतो.

मसुदा रविवारपर्यंत पाठव. कलम 23 चा अर्ज नसेल तर पाठवूच नकोस.

तुझी,
मॅडम